दोन सिनेमे

२०१४ सालचा 'एलिझाबेथ एकादशी' मी बीडला टॉकीजमध्ये पाहिला होता. सायकल वाचवायला धडपडणारी पंढरपूरची पोरं बघून अख्खं थेटर हसत होतं. मीही पोटभर हसलो.

२००८ सालचा 'टिंग्या' मात्र परवा घरी टीव्हीवर पाहिला. शेजारची पोरंही जमली होती. कामातून गेलेला चितंग्या बैल विकायचं ठरलं आणि माझ्या वर्गातला एकजण उठून ओसरीत जाऊन बसला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात.

"काय झालं रे?"

"गुरुजी, आमचा सर्ज्या बाजारात नेला तवा म्या शाळेत व्हतो. भेटलोच न्हाई."

हसवणारा सिनेमा चांगलाच. पण एरवी गप्प असणाऱ्या त्या पोराला बोलतं करणारा 'टिंग्या' मला जास्त आवडला. तुम्हाला?