खसखस

आईने पाठवलेलं दिवाळीचं पार्सल भाऊबीज उलटून गेल्यावर पोचलं. चकल्यांचा चुरा झालेला, अनारसे मात्र शाबूत. ही २००६ ची गोष्ट. मी तेव्हा जर्मनीत ग्योटिंगनला शिकत होते आणि एका जर्मन कुटुंबात राहत होते. आई-बाबा, दोन शाळकरी मुलं आणि वरच्या मजल्यावर बाबांची आई, म्हणजे ओमा.

बाकी सगळ्यांशी माझं पहिल्या दिवसापासून 'डू', म्हणजे अरे-तुरे. ओमा मात्र मला 'झी' म्हणायची. अहो-जाहो! तिकडे मोठ्या माणसाने आपण होऊन 'डू'वर यायचं असतं, धाकट्याने नाही. आणि मला तर 'अगं आजी' म्हणायची सवय. तिने "तुम्ही चहा घेणार का?" विचारलं की आपण इथे पाहुणे आहोत हे रोज नव्याने कळायचं.

तर फराळ मांडला. मुलांनी चिवडा फस्त केला. ओमाने अनारसा उचलून चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "हे मोन आहे?" मोन म्हणजे खसखस. त्यांची निळसर काळी असते, पांढरी तिने कधी पाहिलीच नव्हती. मग ती बराच वेळ बोलत राहिली. माझं जर्मन यथातथाच, पण एवढं कळलं की ती ब्रेस्लाउची. महायुद्धानंतर ते शहर पोलंडकडे गेलं (आताचं व्रोत्स्वाफ) आणि तिथल्या जर्मनांना घरंदारं सोडून निघावं लागलं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

मग आला २४ डिसेंबर. मी मनात पुरणपोळीच्या तोडीचं काहीतरी धरून बसलेले, आणि पानात काय, तर बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज! सणाच्या दिवशी! (पुष्कळ जर्मन घरांत त्या रात्री हाच बेत असतो, मेजवानी पंचविसाला.) मग घंटी वाजली, बैठकीचं बंद दार उघडलं, झाड, भेटवस्तू वगैरे. मला लोकरी मोजे मिळाले.

सगळं झाल्यावर ओमा वरून काचेचा वाडगा घेऊन आली. दुधात भिजवलेला पाव, बेदाणे आणि वाटलेली काळी खसखस, थरावर थर. मोनक्ल्योसं. तिच्या सायलेशियातलं ख्रिसमसचं पक्वान्न. घरात कुणाला आवडत नाही म्हणून तिने कित्येक वर्षांत केलंच नव्हतं. मुलांनी नाकं मुरडली. खोटं कशाला बोलू, दिसायला चिखलच. पण चव थेट आमच्या खसखशीच्या खिरीच्या वळणावरची. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"आणखी घेतेस?" ओमा म्हणाली.

घेतेस! माझ्याआधी तिची सूनच चमकली. नंतर भांडी विसळताना मला हळूच म्हणाली, "मला लग्न ठरेपर्यंत थांबावं लागलं होतं."

पंचविसाला सकाळी उरलेला वाडगा ओमाने आणि मी न्याहारीलाच संपवला.