आर्गनचा टाका

अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलला तडा जातो तो बहुधा ठरावीक जागी: पॅडलचा एक्सल बसतो तिथे, किंवा हँडलखालच्या आखूड नळीच्या सांध्याला. रंगावर केसाएवढी रेघ दिसते आणि मनात येते, आर्गन वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घ्यावा. ही सवय आपल्याला पोलादी सायकलींनी लावली. पोलाद उदार असते. ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के ते जवळजवळ कितीही सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. छोटा खड्डाही त्याच्या खाती जमा होतो. म्हणून तडा हा अचानक घडलेला अपघात क्वचितच असतो. एका जागी उघडे पडलेले ते जुने देणे असते, आणि शेजारच्या सांध्यांनीही तेच धक्के खाल्लेले असतात.

टाक्याने भेग बुजते, हे खरे. पण या धातूचे बळ आकारात कमी आणि त्याने घेतलेल्या उष्णतेत जास्त आहे. 6061 हा सायकलींतला नेहमीचा मिश्रधातू सुमारे 530 अंश सेल्सिअसला तापवून झटकन पाण्यात थंड करतात, मग 170 अंशांच्या आसपास काही तास मुरवतात. त्यातून मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि कायमचा वाक येण्याआधी तो सुमारे 276 मेगापास्कल ताण पेलतो. हे संस्कार पूर्ण उतरले, तर उरतात जेमतेम 55. वेल्डिंगची आच टाक्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी याच दिशेने ढकलते. मग टाका शाबूत राहतो आणि नळी त्याच्या शेजारी तुटते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत जाते. कोपऱ्यावरच्या दुकानात ती भट्टी कुठून येणार?

जस्त मिसळलेला 7005 सांधल्यावर काही आठवड्यांत आपोआप बरेच बळ परत मिळवतो, असे जाणकार सांगतात. ते बरोबरच आहे. पण बळ परतले म्हणून बाकीच्या नळ्यांची झीज भरून निघत नाही. भेगेच्या टोकाला भोक पाडून ती थोपवण्याची रीत विमानांच्या कामात जुनी आहे, मात्र तिथे त्या भोकावर नियमित तपासणीची नजर असते. वरून पट्टी ठोकली, तर ताण पट्टीच्या काठाशी जाऊन बसतो.

खरा आक्षेप पैशांचा आहे. पोटापाण्यासाठी सायकल चालवणाऱ्याला नवी फ्रेम घ्या म्हणणे सोपे नाही. पण त्याची सायकल बहुतेकदा पोलादीच असते, आणि ती खुशाल सांधावी. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीची चाके, ब्रेक, गिअर मापे जुळणाऱ्या दुसऱ्या फ्रेमवर चढतात. भंगारात गेलेली फ्रेमही वाया जात नाही: खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम करायला लागते त्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जेत ती पुन्हा धातू होते. कॅरिअरचा कान तुटला तर जरूर जोडून घ्या. गिअरचा सुटा हँगर तर मोडण्यासाठीच बनवलेला असतो, तो बदला. हँडलखालचा सांधा तडकला असेल, तर मात्र आजच उतरा आणि सायकल हातात धरून घरी न्या.