ताई, आडनाव काढता येतं का?



आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सहा टॅबलेट दिले आणि मी हुरळून गेले. चार महिने नुसते व्हिडिओ दाखवले. पोरं शांत बसायची, पाहुणे आले की फोटो छान यायचे. मग चाचणी घेतली, तर डोक्यात फारसं काही उरलंच नव्हतं. मी लगेच म्हणून टाकलं, "यांचं लक्षच नाही, घरी वातावरण नाही." समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईने! आमच्या लहानपणी मास्तर आमच्याबद्दल अगदी हेच बोलायचे.

नंतर रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग वाचनात आला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे पुन्हा पुन्हा बघितल्याने 'आलं' असं नुसतं वाटतं. स्पर्धा परीक्षेची लेक्चर दुप्पट वेगाने ऐकणाऱ्या माझ्या भावंडांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

आम्ही दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवू लागलो. टॅबलेट पालथा, वही उघडी, आठवेल ते लिहायचं. कालचे प्रश्न आज, मागच्या आठवड्याचे पुन्हा शनिवारी. पोरं कुरकुरली, पण हळूहळू अडेनाशी झाली.

चूक पुढेच झाली. ॲपमध्ये गुणांची क्रमवारी दिसते. चुरस वाढेल म्हणून मी आमचा गट गावातल्या एका शाळेच्या गटाला जोडला. यादीत पूर्ण नाव यायचं. आमच्या तालुक्यात आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. आठवीतली एक मुलगी विहारात अपूर्णांकात सगळ्यांच्या पुढे असायची. त्या यादीत ती घसरत गेली आणि एक दिवस म्हणाली, "ताई, आडनाव काढता येतं का?"

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर बापाचं, आजोबांचं नाव आणि जात पुकारल्यावर दलित मुलं मागे पडली. साताऱ्याच्या शाळेतलं बाबासाहेबांचं गोणपाट आपल्याला माहीत आहे. मी तेच गोणपाट पडद्यावर अंथरलं होतं, तेही चुरशीच्या नावाखाली.

आमच्या एका कार्यकर्त्या मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, "आडनाव लपवायला शिकवणार का? ताठ मानेने लावायला शिकव." त्याच्या म्हणण्यात दम आहे. मीही माझं आडनाव लपवत नाही. पण मी छत्तीस वर्षांची आहे आणि माझ्यासमोर अपूर्णांक नसतात. विहाराच्या भिंतीवर त्याच मुलीचं पूर्ण नाव लावलेलं आहे आणि तिथे तिला काही वाटत नाही. नाव कोणाच्या नजरेसमोर लागतं, प्रश्न तो आहे. गर्व तिचा तिने कमवावा, तो गणिताच्या पेपरात मी तिच्याकडून वसूल करू नये.

चांदण्या-बक्षिसंही बंद केली. एडवर्ड डेसीने 1971 मध्येच दाखवलं होतं की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना पैसे देऊन ते बंद केले, तर आधीची आवडही कमी होते. आता प्रत्येकाला फक्त स्वतःचे मागच्या आठवड्याचे गुण दिसतात आणि आज काय सोडवायचं ते पोरं ठरवतात.

शाळेची स्पर्धा पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. नावाऐवजी क्रमांक लावा, अशी विनंती मी केली आहे. उत्तर आलेलं नाही. ती मुलगी रोज विचारते.