शलमोनाच्या गोष्टीतले दुसरे मूल

शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनीच ऐकली आहे. एका मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रिया, राजाने मागवलेली तलवार आणि मूल जगावे म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडणारी खरी आई. गोष्ट संपते तेव्हा ऐकणारा राजाच्या शहाणपणाने भारावलेला असतो. आमच्या आईला मात्र ही गोष्ट कधी सोसली नाही. लहानपणी आम्ही भावंडे ती घरी सांगू लागलो, की ती काहीतरी निमित्त काढून चुलीपाशी जाई. कारण उमगायला आम्हांला फार वर्षे लागली. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या ३ऱ्या अध्यायात तलवार येण्यापूर्वीच एक मूल मेलेले आहे. रात्री झोपेत ते आईच्या अंगाखाली आले, असा दुसऱ्या स्त्रीचा आरोप आहे. त्या मुलाची आठवण पुढे कोणी काढत नाही.

१९६३ साली आमची धाकटी बहीण तीन महिन्यांची असताना एका पहाटे अंथरुणात निपचित आढळली. आदल्या दिवशी तिला ना ताप होता, ना खोकला. वसईतल्या आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती; वडिलांनी कंदील धरला होता, एवढे आम्हांला अंधूक आठवते. सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, ‘झोपेत अंगाखाली आली असेल.’ ते शब्द आईने ऐकले. मुलीचा स्नानसंस्कार झाला होता, हा तिचा दिलासा. पण दर २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावताना तिचे ओठ प्रार्थनेपेक्षा क्षमायाचनाच अधिक करीत, असे आम्हांला वाटत आले आहे.

हा संशय आईपुरता नव्हता. युरोपात मध्ययुगापासून अशा मातांना धर्मसभेकडून प्रायश्चित्त दिले जाई. फ्लॉरेन्स शहरात मुलाला अंथरुणात घेताना त्याच्यावर लाकडी कमानीचा एक सांगाडा ठेवीत, म्हणजे दाईचे अंग त्याच्यावर येऊ नये. तो न वापरणाऱ्या दाईला धर्मबहिष्काराचे भय घातले जाई, असे १८व्या शतकातील एका वृत्तांतात नमूद आहे. सांगाडा उपयोगी होता खरा. पण ज्या मुलांवर कोणाचेच अंग आले नव्हते, तीही रात्री जात होती. १९६९ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी, सर्व तपास करूनही कारण न सापडणाऱ्या अशा मरणाला वैद्यकात स्वतंत्र नाव दिले. आईपर्यंत ते पोहोचले नाही.

वैद्यकाची चूकही येथे सांगितली पाहिजे. १९५०च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांतील नामांकित बालरोगतज्ज्ञ, डॉक्टर स्पॉक यांच्यासारखे, मुलाला पालथे निजवा असे सांगू लागले. उताणे मूल ओकले तर गुदमरेल, अशी भीती. वस्तुतः उताण्या मुलाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध तिच्यात सहसा उतरत नाही. पालथ्या मुलाचे तोंड मात्र अंथरुणात रुतते, सोडलेलाच श्वास ते पुन्हा घेते, अंग तापते, आणि एरवी धडपडून जागे होणारे मूल गाढ झोपेतून जागे होत नाही. काही बालकांच्या मेंदूतली ही जाग आणणारी यंत्रणा जन्मतःच दुर्बल असावी, असेही पुढे दिसून आले. १९९१ साली आपला मुलगा गमावलेल्या अ‍ॅन डायमंड या दूरचित्रवाणीवरील निवेदिकेने ब्रिटनमध्ये हा प्रश्न लावून धरला, आणि त्याच डिसेंबरात मुलांना उताणे निजवा अशी मोहीम सुरू झाली. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की पुरावा १९७०च्या सुमारासच हाती होता. तो वेळीच पाहिला असता तर केवळ ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक बालके वाचली असती. एवढ्या मुलांसाठी तज्ज्ञांपैकी किती जणांनी दर वर्षी मेणबत्ती लावली असेल?

हे सारे आम्ही वाचले ते घरात नात आली म्हणून. सूनबाई दवाखान्यातून सूचना घेऊन आल्या: मूल पाठीवर निजवायचे, दिवसाही, गादी घट्ट हवी, उशी, जाड गोधडी, खेळणे काही जवळ नको, डोके व चेहरा उघडा, पहिले सहा महिने आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणात. अंगावर पाजणे हितकारक, घरात विडी-सिगारेट वर्ज्य. सोफ्यावर मुलाला कुशीत घेऊन डुलकी घेणे सर्वांत वाईट, आणि प्यालेल्या माणसाने मुलाशेजारी निजूच नये. (लग्नसराईत हे आमच्या समाजाला सांगावे लागू नये, पण लागते.)

अडचण आली ती राईच्या उशीची. डोके गोल व्हावे म्हणून आमच्या ८६ वर्षांच्या आईने पणतीसाठी ती स्वतः शिवली होती. सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले. नको म्हणणे म्हणजे त्या जुन्या जखमेवर बोट ठेवणे, असे वाटून आम्ही दोन दिवस गप्प राहिलो. ते गप्प राहणे चुकीचे होते. तिसऱ्या दिवशी आईपाशी बसून सारे सांगितले: उशी का नको, आणि जागेपणी आपल्या देखत थोडा वेळ पालथे खेळवले तर डोके कसे चपटे होत नाही. मग सिअ‍ॅटलचे सांगितले, आणि अंगाखाली कोणी न येताही मुले जातात हे सांगितले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी तिला कशी निजवली होती, ते मला आठवत नाही रे. रोज आठवून बघते.’

‘तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आई.’

‘त्या बाईलाही नसेल,’ ती म्हणाली. कोणती बाई, ते आम्ही विचारले नाही.

संध्याकाळी तिने उशीची शिवण उसवली, राई परातीत ओतली आणि चष्मा लावून निवडत बसली. पलीकडे पाळण्यात नात उताणी, दोन्ही हात डोक्याशी टाकून झोपली होती. आई मधूनच उठे, वाकून तिच्या पोटाची हालचाल पाही आणि पुन्हा परातीशी येऊन बसे.