उत्तराची वाट पाहणारा सर्व्हर

परीक्षेचा हंगाम आला की आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्या मशीनना फॉरमॅट मारून नवी सिस्टिम टाकावी लागते. पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे बसणं आम्ही कधीच सोडलं. एफ12 दाबलं की नेटवर्क कार्ड स्वतःच नेटवर्कवर विचारणा करतं, इन्स्टॉलेशन सर्व्हर त्याला आयपी पत्ता आणि फाइलचं नाव सांगतो, आणि पुढचं सगळं आपोआप होतं. ही पीएक्सई पद्धत इंटेलने 1999 च्या सुमारास रूढ केली आणि आजही ती आमच्यासारख्यांचा मोठा आधार आहे.

त्या संध्याकाळी मात्र एकही मशीन पुढे सरकेना. काळ्या पडद्यावर ‘टीएफटीपी’ या अक्षरांपुढे टिंबं उमटत राहायची आणि मग ओळ यायची : पीएक्सई-ई32, टीएफटीपी ओपन टाइमआउट. मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं, पुन्हा तीच ओळ. नेटवर्क बघणाऱ्या एजन्सीचा माणूस सकाळी येणार होता, म्हणून मशीन तशीच चालू ठेवली. सकाळी लॅबचे मामा दारातच म्हणाले, “मॅडम, आता तर सर्व्हरच हलत नाही. माउससुद्धा सरकत नाही.”

रीस्टार्ट करून टास्क मॅनेजर उघडला आणि नुसती बघत बसले. मेमरीची रेघ एका संथ चालीने वर चढत होती, खाली येतच नव्हती. सर्व्हरवर कोणाचंही काम चालू नव्हतं. हल्ला नव्हता, व्हायरस नव्हता. आमचीच मशीन फाइल मागत होती, इतकंच.

कारण दुपारपर्यंत हाती लागलं. टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये मशीन आपली मागणी सर्व्हरच्या 69 क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतं, पण सर्व्हर उत्तर देतो ते दुसऱ्याच, नव्याने उघडलेल्या पोर्टवरून. स्विचवर नुकत्याच टाकलेल्या नियमांत 69 ला वाट होती, उत्तराला नव्हती. त्यामुळे मागणी पोहोचायची, उत्तर अडायचं, मशीन पुन्हा मागायचं. आणि आमचं इन्स्टॉलेशन सॉफ्टवेअर प्रत्येक मागणीला नवं सेशन उघडून, पोचपावतीची वाट पाहत, ते मेमरीत तसंच ठेवायचं. किती सेशन उघडायची याला मर्यादाच नव्हती.

नियम दुरुस्त झाला, इन्स्टॉलेशन सुरू झालं, परीक्षा वेळेवर पार पडली. माझ्या डोक्यातून मात्र ती चढती रेघ जाईना. अजाणता जे रात्रभरात झालं, ते कोणी मुद्दाम करायचं ठरवलं तर?

उत्तर 2025 मध्ये वाचायला मिळालं. आमचं सॉफ्टवेअर वेगळं, पण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस या इन्स्टॉलेशन सेवेत एका सुरक्षा संशोधकाने नेमकं हेच दाखवून दिलं होतं. टीएफटीपी चालतं यूडीपीवर. टीसीपीत आधी दोन्ही बाजूंची ओळखपाळख होते, त्यामुळे खोटा पत्ता टिकत नाही. यूडीपीत पाकिटावर पाठवणाऱ्याचा कोणताही पत्ता लिहिता येतो आणि सर्व्हर तो खरा मानतो. हल्लेखोराने खोटे पत्ते आणि पोर्ट बदलत मागण्या धाडल्या, की प्रत्येक जोडीसाठी नवं सेशन तयार होतं आणि काही मिनिटांत मेमरी संपते. पासवर्ड लागत नाही, कोणी कुठे क्लिक करावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टने या त्रुटीला ‘मध्यम’ ठरवलं, तातडीने दुरुस्त करण्याइतकं गंभीर मानलं नाही.

हा निवाडा मला पटत नाही. माहिती चोरीला जात नाही, हे कबूल. पण ज्या सर्व्हरवर अख्ख्या इमारतीच्या मशीनचा जन्म अवलंबून आहे, तो नको त्या दिवशी पाडता येतो, हे नुकसान लहान कसं? आमच्याकडे परीक्षा अडली असती. एखाद्या हॉस्पिटलमध्ये बंद पडलेली मशीन पुन्हा उभी करायची वेळ असेल तर? टीएफटीपीचा नियमग्रंथ 1981 चा, सुधारित 1992 चा. त्यात ओळख पटवण्याची सोयच नाही, कारण तो छोट्याशा रॉममध्ये मावेल इतका साधा ठेवायचा होता. त्या साधेपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा भोळ्या प्रोटोकॉलसाठी आज सर्व्हर लिहिणाऱ्याने सेशनची मर्यादा आणि वेळेची मुदत घालायलाच हवी. ते काम काही ओळींचं असतं.

आता इन्स्टॉलेशनसाठी वेगळं व्हीलॅन आहे. वायफायवरून किंवा वसतिगृहातून 69 पर्यंत पोहोचताच येत नाही. खोट्या पत्त्याची पाकिटं स्विचच्या पोर्टवरच अडवली जातात. मेमरी ठरावीक पातळीपुढे गेली की मला मेसेज येतो. आणि सर्व्हरची टीएफटीपी सेवा फक्त इन्स्टॉलेशनच्या दिवशी चालू होते. शेवटचं मशीन लॉगिनपर्यंत आलं की मामा मला फोन करतात आणि मी ती बंद करते.