ओळंबा

परवा सुट्टीत माझी भाची आमच्याकडे चार दिवस राहावयास आली. चहा घेण्यापूर्वीच तिने पिशवीतून एक पितळी ओळंबा काढला, बैठकीच्या खोलीतील भिंतीशी तो वरून सोडला आणि दोरी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, तुमची भिंत अर्धा इंच बाहेर झुकली आहे." तीस वर्षे मी ज्या घराचे कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवीत आलो, त्याचा हा पहिला पंचनामा. मी हसलो खरा. पण त्या दिवसापासून त्या भिंतीपाशी बसताना मी खुर्ची जरा पुढे ओढून घेतो.

भाची वास्तुकलेच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. (हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी तिला देवघराची दिशा विचारली होती. असल्या प्रश्नांची तिला आता सवय झाली आहे.) गेली दोन वर्षे तिचा अभ्यास म्हणजे कागदांच्या लांबलचक सुरळ्या आणि पुठ्ठ्याची चिमुकली घरे, एवढेच मला दिसत असे. यंदा मात्र तिच्या शिक्षकांनी बारा मुलामुलींना एका खेड्यात नेले आणि तेथील बालवाडीला एक पडवी बांधून द्यावयास सांगितले. बाराजणांनी बारा आराखडे काढले. गावकऱ्यांनी व शिक्षकांनी मिळून त्यांतला एक निवडला आणि उरलेले अकरा गुंडाळून ठेवले. निवडलेला आराखडा भाचीचा नव्हता. दुसऱ्याच्या कल्पनेसाठी आपण विटा वाहावयाच्या, या विचाराने पहिले दोन दिवस तिला अन्न गोड लागले नाही, असे तिनेच मोकळेपणाने सांगितले.

तिसऱ्या दिवशी ती भिंतीला लागली. सात थर रचून झाले तेव्हा गावचा म्हातारा गवंडी तेथे आला. त्याने ओळंबा धरून पाहिला आणि एक अक्षरही न बोलता सातही थर उतरविले. विटा पाण्यात टाकल्या, चुना खरवडून काढला आणि पुन्हा ढीग लावून ठेवला. मग ओळंबा तिच्या हातात दिला आणि तो विडी ओढावयास निघून गेला. संध्याकाळी तिने तालुक्याच्या बाजारातून स्वतःसाठी एक ओळंबा विकत आणला, तोच हा. "मामा," ती मला म्हणाली, "कागदावर भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. वीट आधी भिजवावी लागते, हे त्या रेघांत कुठे दिसते?" सुकी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, हे मलाही त्याच दिवशी कळले.

असे शिक्षण तिच्या शिक्षकांनीच शोधून काढलेले नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात चार्ल्स मूर या वास्तुशिल्पज्ञाने 1967 साली नव्या विद्यार्थ्यांना हातात हातोडा देऊन केंटकी प्रांतातील न्यू झायन या वस्तीत पाठविले आणि तेथे त्यांनी लोकांसाठी एक समाजमंदिर उभे केले. तेथील रीतही हीच पडली: आराखडे अनेकांचे, निवड एकाची, आणि मग बांधणे सर्वांचे.

परंतु मला अधिक गुंतविले ते अलाबामातील 'रूरल स्टुडिओ'ने. ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोघा प्राध्यापकांनी 1993 साली तो काढला. विद्यापीठापासून दूर, हेल काउंटी नावाच्या अत्यंत दरिद्री भागात विद्यार्थ्यांनी जाऊन राहावयाचे आणि तेथल्याच लोकांसाठी घरे बांधावयाची, अशी योजना. पहिले घर एका वृद्ध जोडप्याचे. 1994 साली पुरे झाले. त्याच्या भिंती गवताच्या गठ्ठ्यांच्या, वरून गिलावा केलेल्या. पुढल्या वर्षी टाकून दिलेल्या मोटारींच्या टायरांत माती ठोकून एक प्रार्थनामंदिर उभे राहिले. 2000 साली मेसन्स बेंड या वस्तीत जे समाजमंदिर झाले, त्याच्या भिंती ठोकलेल्या मातीच्या आणि एका अंगाचे छप्पर जुन्या मोटारींच्या समोरच्या काचांचे. त्या काचा माशाच्या खवल्यांप्रमाणे एकीवर एक लावलेल्या आहेत. गरिबाला नुसता पावसापासून आडोसा देऊन भागत नाही, त्याच्या घरात सौंदर्यही असले पाहिजे, ही मॉकबीची श्रद्धा. तो 2001 च्या डिसेंबरात वारला. स्टुडिओ मात्र त्याच्यामागेही चालू राहिला.

भाचीने त्या काचांच्या मंदिराचे छायाचित्र दाखविले तेव्हा मी भारावून गेलो. पण रात्री मनात एक निराळाच विचार आला, आणि तो मी सकाळी तिच्यापुढे जरा कठोरपणेच मांडला. नवशिक्या न्हाव्यापुढे कोणी आपखुशीने डोके देत नाही. तुम्ही गरिबाच्या घरावर हात बसविणार, आणि हात बसल्यावर शहरात येऊन श्रीमंतांचे बंगले बांधणार. छप्पर गळले तर तो कोणाच्या दारात जाणार?

ती चिडेल असे मला वाटले होते. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आमची पडवी गळली नाही, पण पहिल्याच पावसात पश्चिमेकडून झड आत आली आणि मुलांची दप्तरे भिजली. बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठविला. आम्ही रविवारी जाऊन छप्पर दीड फूट पुढे काढून दिले." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "सहाजण गेलो. बाकीचे सहा आले नाहीत."

ज्याच्या आराखड्याने झड आत आली, तो आला होता की नाही, हे मी विचारले नाही.

हेल काउंटीतल्या लोकांनाही हा प्रश्न टाळता आला नसावा, असे मला वाटते. कारण 2005 पासून त्यांनी निराळेच काम अंगावर घेतले: साहित्य आणि मजुरी धरून 20,000 डॉलरांत होईल असे घर. सरकारी पेन्शनीवर जगणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला किती हप्ता झेपेल, याचा हिशेब करून हा आकडा धरला होता. येथे नव्या वर्षाचे विद्यार्थी आधीच्या विद्यार्थ्यांचे घर तपासतात, त्यांतल्या उणिवा काढतात आणि पुन्हा तसलेच, थोडे बरे, घर बांधतात. ही घरे दिसावयास अगदी साधी आहेत. छायाचित्र पाहून कोणी भारावणार नाही. माझा आदर मात्र काचांच्या मंदिरापेक्षा यांनाच अधिक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची स्वयंपाकघरात टेप घेऊन बसली होती. "मामी, पोळ्या लाटताना तू कुठे उभी राहतेस?" तिने विचारले. आमची मंडळी उभी राहून दाखवू लागली. खिडकी तिच्या पाठीशी होती, आणि तिचीच सावली पोळपाटावर पडली होती. घर बांधले तेव्हा आमच्या वास्तुशिल्पज्ञाने दर्शनी सज्जाची चित्रे मला तीनदा काढून दाखविली होती, आणि मी तिन्ही वेळा त्यांत चुका काढल्या होत्या. स्वयंपाकघराचे चित्र एकदाच आले. ते मी पाहिले, आणि ठीक आहे म्हणून सही केली. ते आत नेऊन दाखवावे, हे मला सुचले नाही.

भाचीने एका वहीच्या पानावर ओटा खिडकीखाली काढला. मामीने तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि तो हातभर डावीकडे सरकविला. तिकडून फाटकातून कोण येते तेही दिसते, असे तिचे म्हणणे पडले.

गवंडी सोमवारी यावयाचा आहे. भाची गेल्यावर पाहतो तो ओळंबा खुंटीवर तसाच लटकलेला. ती विसरून गेली की मुद्दाम ठेवून गेली, ते तिने अद्याप कळविलेले नाही.