सातवीनंतर कुठे?

गावाकडचे पाहुणे सुरतेला आले की हमखास विचारतात, "गुजरातेत राहून पोरं मराठी शाळेत कशी?" मग सांगावे लागते की सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया माध्यमाच्या शाळाही चालवते, आणि गुजरात बोर्डाची दहावी मराठीतून देता येते. नाते जुनेच आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी इथेच मानवधर्म सभा स्थापली. मात्र उधना-लिंबायतच्या मराठी शाळांचे मूळ दादोबांपेक्षा ताप्ती व्हॅली रेल्वेत शोधावे. १९०० मध्ये हा मार्ग अमळनेरपर्यंत पोहोचला. पुढे त्याच वाटेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसे इथे लूमवर कामाला आली.

आमच्या पिढीतली बरीच मुले या पालिका शाळांतली. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी. पहिलीचे वर्ष तर मराठी शिकण्यातच जायचे! सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने शेजारपाजारचे लोक मिळेल त्या गाडीने खानदेशात निघून गेले. शाळा पुन्हा भरली तेव्हा काही बाक रिकामेच राहिले. ती मुले गावच्या शाळेत बसली होती.

खरी अडचण सातवीनंतर यायची. तेव्हा प्राथमिक शाळा सातवीपर्यंतच होती आणि आठवीचा मराठी वर्ग आमच्या वस्तीपासून फार लांब. मुलगे सायकलने जात, नाहीतर लूमच्या खात्यात बॉबिन भरायला लागत. मुली घरी बसल्या. ज्यांच्या वह्यांतून आम्ही गणिते उतरवून घ्यायचो, त्याही बसल्या. त्यांचे वडील काही वाईट नव्हते, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मुलीला रोज इतक्या दूर नेणे-आणणे जमणार कसे?

पुढे पालिकेने सुमन हायस्कूल नावाने माध्यमिक शाळा काढल्या, त्यांत मराठी माध्यमही आले. नववी-दहावी चालत जाण्याच्या अंतरावर आली आणि त्याच घरांतल्या धाकट्या मुली दहावी झाल्या. मातृभाषेच्या अभिमानावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. आमच्या मते शाळा जवळ आल्याने जे झाले, ते त्या भाषणांनी झाले नसते.

आता पालक आठवी झाली की मुलाला इंग्रजी माध्यमात घालू पाहतात. त्यांची ओढ समजते. पण विज्ञानाचे सगळे शब्द नववीत एकदम बदलले की चांगला मुलगाही मागे पडतो. बदल करायचाच तर पाचवीत करावा. शिवाय नववीचा पट घटला की वर्ग टिकवणे अवघड होते, आणि तो बंद झाला तर ज्यांना रिक्षाचे भाडे परवडत नाही त्यांच्या मुली पुन्हा तिथेच येऊन थांबतील. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीचे झाले, त्याची मात्र धास्ती नको. ती भाषा आपल्या मुलांना गल्लीतच येते.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की जूनच्या प्रवेशाआधी आठवीच्या पालकांची सभा बोलवावी. आयांना आवर्जून निरोप द्यावा. रात्रपाळीवाले सकाळी झोपलेले असतात, तेव्हा वेळ सायंकाळची ठेवावी.